हृदय अशक्त झाले, पाय का अशक्त करावेत?

रुग्णालयात आजाऱ्यांना भेटावयास गेलो असता एक वाक्य आम्ही वारंवार ऐकतो : "बाबा, तुम्ही नुसते पडून राहा." त्यामागील माया खरी असते. परंतु 'हार्ट फेल्युअर'च्या वृद्ध रुग्णास हीच माया अपायकारक ठरू शकते.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीरास हवे तेवढे रक्त पुरविण्यास ते असमर्थ ठरणे होय. पायांवर सूज येते, फुप्फुसांत पाणी साठते, धाप लागते. औषधांनी पाणी उतरते आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. तोवर रुग्णाच्या पायांतील बळ मात्र सरलेले असते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांनी दहा दिवस अंथरुणात काढले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू झडले. मग आजारी माणसाची काय कथा!

तेथीलच डॉ. डॅलेन किट्झमन व सहकाऱ्यांनी साठ वर्षे व त्यावरील ३४९ रुग्णांचा 'रिहॅब-एचएफ' हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध केला. सुमारे निम्म्या रुग्णांचा व्यायाम शक्य तेथे रुग्णालयातच सुरू झाला आणि पुढे आठवड्यातून तीनदा, असा बारा आठवडे चालला. व्यायाम साधाच : खुर्चीवरून उठणे, तोल सांभाळून उभे राहणे, चालणे, तोही ज्याला झेपेल तेवढाच. तीन महिन्यांनी हालचालींच्या १२ गुणांच्या चाचणीत त्यांना सरासरी ८.३ गुण मिळाले, इतरांना ६.९. सहा महिन्यांत पुन्हा दाखल होण्याच्या किंवा मृत्यूच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. तरीही कोणाचा हात न धरता न्हाणीघरापर्यंत जाता येणे, हे वृद्धाच्या लेखी लहान नसते.

पेठ-सुरगाण्याच्या रुग्णाने आठवड्यातून तीनदा नाशिक गाठावे, हे सांगणे सोपे. बसभाडे कोण देणार? म्हणून कर्नाटकातील मणिपाल येथील, २०११ साली प्रसिद्ध झालेला लहानसा अभ्यास आम्हास अधिक जवळचा वाटतो. तेथे रुग्णालयात सुरू झालेला व्यायाम पुढे आठ आठवडे घरीच करविला गेला व रुग्णांची चालण्याची क्षमता वाढली.

तेव्हा धाप शमल्यावर नातेवाइकांनी डॉक्टरांना स्वतःहून विचारावे : आज यांना उभे करता येईल का? घरी किती चालावे, केव्हा थांबावे? हे कागदावर लिहून घ्यावे. बसल्याजागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा एक-दोन दिवसांत वजन झपाट्याने वाढले असेल, तर व्यायाम थांबवून तातडीने डॉक्टरांना दाखवावे.