धनी दर्यावर, ती विस्तवापाशी

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं नाव आपण ऐकलेलं असतं. सूर्यफुलांवाला तो जगप्रसिद्ध चित्रकार! त्याच्या एका चित्रात विस्तवापाशी एक बाई बसलीय, मांडीवर बाळ झोपलंय. नवरा मासेमारीला समुद्रावर गेलेला. १८८९ साली फ्रान्समधल्या सँ रेमीच्या मनोरुग्णालयात असताना त्यानं ते रंगवलं. पण मैत्रिणींनो, मूळ चित्र त्याचं नव्हतंच! एका बाईच्या चित्राची छापील प्रत पाहून त्यानं ते केलं होतं.

त्या बाईचं नाव व्हर्जिनी दमों-ब्रतों. जन्म १८५९ चा, उत्तर फ्रान्समधल्या कुरियेर गावचा. वडील ज्यूल ब्रतों शेतकऱ्यांची, मजुरांची चित्रं काढणारे नावाजलेले चित्रकार. व्हर्जिनी त्यांच्याच हाताखाली शिकली. १८८० मध्ये लग्न झालं, तेही चित्रकाराशीच. पुढं दोघं समुद्रकाठच्या विसाँ या मच्छीमारांच्या गावात राहायला गेली.

समुद्राची चित्रं काढणारे पुष्कळ होते. त्यात लाटा, वादळं, होड्या. व्हर्जिनीनं मात्र काठावरची बाई पाहिली. पोरांना समुद्रात न्हाऊ घालून आणणारी, अनवाणी, दणकट हातांची. नवरा परत येईल की नाही, हा घोर मनात, आणि हात कामात. घरच्या बाईचं हे कष्टाचं जगणं तिनं मोठमोठ्या कॅनव्हासवर मांडलं आणि पॅरिसच्या मानाच्या प्रदर्शनात नेऊन लावलं. १८९४ मध्ये तिला फ्रान्सचा ‘लेजियन ऑफ ऑनर’ हा बहुमान मिळाला.

एवढं नाव झालं, तरी पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत, ‘एकोल दे बोझार’मध्ये, बायकांना प्रवेशच नव्हता. तिला घरातच गुरू मिळाला. पण ज्यांचे वडील चित्रकार नाहीत, त्या मुलींनी काय करायचं? शिल्पकार एलेन बेर्तो यांनी १८८१ मध्ये स्त्री कलाकारांची संघटना काढली होती. १८९५ ते १९०१ व्हर्जिनी तिची अध्यक्ष होती. प्रवेशासाठी या बायकांनी चिकाटीनं पाठपुरावा केला. अखेर १८९७ मध्ये शाळेचं दार उघडलं. १९०३ पासून ‘रोमचं पारितोषिक’ या सर्वांत मानाच्या स्पर्धेतही मुलींना बसता येऊ लागलं आणि १९११ मध्ये ल्युसिएन ह्यूवेलमान्स हिनं शिल्पकलेत ते जिंकलंसुद्धा.

व्हर्जिनीला स्वतःला तोवर त्या शाळेची काहीच गरज उरली नव्हती. पण आपल्याला मिळालं, म्हणजे सगळ्यांना मिळालं, असं तिनं मानलं नाही. मला तिचं हेच फार मोठं वाटतं.

१९३५ मध्ये ती गेली. चित्रकलेतल्या आवडी बदलल्या, तिची शैली जुनाट ठरली आणि नाव मागं पडलं. आज बऱ्याच जणांना ती भेटते, ती व्हॅन गॉगच्या चित्राखालच्या ‘दमों-ब्रतों यांच्या चित्रावरून’ एवढ्याशा ओळीत.

ते चित्र कधी पाहण्यात आलं, तर खालची ही बारीक ओळही नक्की वाचा बरं का!