घर मिळालं, झोप नाही

मुंबईच्या उपनगरांना निर्वासित नवे नाहीत. फाळणीनंतर सिंध-पंजाबातून आलेली कुटुंबं मुलुंड कॉलनीत, चेंबूर कॅम्पात आणि कल्याणजवळच्या लष्करी बराकींत उतरली. त्या बराकींच्या वस्तीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं. पुढे रेशनकार्डं झाली, दुकानं थाटली गेली. डोळ्यांदेखत घडलेल्या कत्तलीचं मनात काय झालं, हे विचारायची तेव्हा रीतच नव्हती. मनोरुग्णांची सरकारी दखल घेतली गेली ती १९५० मध्ये, लाहोरच्या इस्पितळातल्या हिंदू-शीख रुग्णांना अमृतसरला आणताना. मंटोच्या ‘टोबा टेक सिंग’ या कथेला पार्श्वभूमी याच अदलाबदलीची.

मुंबईतल्या १९९२-९३ च्या दंगलीत मात्र सीमा न ओलांडताच माणसं परागंदा झाली. दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० नोंदवला आणि जानेवारीतले मुसलमानांवरचे हल्ले संघटित करण्यात शिवसेना पुढे होती, असंही स्पष्ट लिहिलं. त्याच जानेवारीत जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत बाहेरून कडी लावून पेटवलेल्या खोलीत सहा माणसं गेली. ते घर हिंदूंचं होतं. कित्येकांनी वस्ती बदलली, मुस्लिम वस्तीचं मुंब्रा वाढलं. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंचं आघातावरचं पुस्तक १९९२ चंच. आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरं जाणं, असा त्यांचा क्रम. आपल्याकडे सुरक्षितता मिळाली ती ‘आपल्यांत’ राहायला जाऊन, आणि गाडी तिथेच अडली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोकांच्या मनःस्थितीचा अभ्यास झाला. भूकंपाला आरोपी नसतो, ही सोय मोठी! दंगलीतला आरोपी गल्लीतच राहतो, कधी कधी निवडूनही येतो.

सगळ्यांत अवघड दुखणं बेपत्तांच्या घरचं. दंगलीत १६८ जण बेपत्ता झाले. भरपाई पोचली ६० कुटुंबांपर्यंत. उरलेल्या १०८ कुटुंबांचा छडा लावा, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितलं. (सात वर्षं खबर नसलेला माणूस हयात असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर टाकणारं जुन्या पुरावा कायद्यातलं कलमही १०८ च.) पण कायद्याने मेलेला माणूस घरात मरत नाही. ना जनाजा, ना कबर. भरपाईचे दोन लाख घेतले तर आपणच त्याला मारल्यासारखं वाटतं. अशा घरातली बाई दवाखान्यात गेली की सांगते ते डोकेदुखीचं, छातीतल्या धडधडीचं. झोपेची गोळी घेऊन परत येते.

आता सोयी अगदीच नाहीत असं नाही. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे, कूपरसारख्या पालिका रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. पण ओपीडी सकाळची, म्हणजे हातावर पोट असणाऱ्याचा खाडा. शिवाय फोन करायचा तो ‘आजार’ आहे असं वाटलं तर, आणि इथे तर त्याला नशीब म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मनावरच्या ताणासाठी पाच बैठकींची एक पद्धत पुढे आणली. ती डॉक्टर नसलेला, पण शिकवून तयार केलेला माणूसही राबवू शकतो. न्यायालयाने त्या १०८ कुटुंबांच्या शोधावर देखरेखीसाठी नेमलेली समिती राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली आहे. तीस वर्षांनी फाईल घेऊन कुणाच्या दारात जायचं, तर सोबत असा एक माणूस न्यावा, आणि सही घेतल्यावरही त्याने त्या घरी जात राहावं.