धप्प नको, टप्प!

"खालच्या काकूंचा फोन होता. त्यांचा पंखा हलतोय म्हणे!" आईने ब्रेकिंग न्यूज दिली आणि माझं फिटनेस मिशन तिथेच थांबलं. दिवसभर खुर्चीत गंजलेल्या बॉडीला जरा हलवावं म्हणून मी फूटभर उंचीच्या ठोकळ्यावरून उड्या मारत होते. आठवड्याभरात गुडघाही बोलायला लागला. जिना उतरताना कुरकुर सुरू!

फिजिओने एकच प्रश्न विचारला, "उडी किती उंच मारतेस ते राहू दे. खाली कशी येतेस?"

मी गप्प. आपण सगळे उडी मोजतो, उतरणं कोण बघतं?

साधा हिशोब करू. वजन ६० किलो, उंची ३० सेंटीमीटर. पाय टेकल्यावर शरीर आणखी ५ सेंटीमीटर खाली जाऊन थांबलं, तर तेवढ्या वेळात पायांवर सरासरी वजनाच्या ७ पट भार येतो. म्हणजे ४२० किलो! तेच गुडघे आणि खुबे वाकवत ३० सेंटीमीटरमध्ये थांबलात, तर भार फक्त दुप्पट, १२० किलो. उडी तीच, फरक ब्रेक मारण्याचा.

मग दर वेळी खोल बसकण मारायची? थांबा, खरी गंमत पुढेच आहे. १९६०च्या दशकात सोव्हिएत प्रशिक्षक युरी व्हेरखोशान्स्की यांनी ठोकळ्यावरून खाली येऊन लगेच वर उसळी घेण्याचा व्यायाम रुळवला. ताणलेला स्नायू लगेच आखडला की रबरासारखा जोर देतो. खाली रेंगाळलात की तो जोर वाया! १९८७मध्ये डच संशोधक मार्टेन बॉबर्ट आणि सहकाऱ्यांनी दोन्ही पद्धती मोजल्या. झटपट उसळीत घोटा आणि गुडघ्याच्या स्नायूंना जास्त काम पडतं. पण टाचा जमिनीवर आपटल्या, तर सांध्यांना जोराचा दणका बसतो.

थोडक्यात, उसळी हा पुढचा धडा. आपल्यासारख्या 'खुर्चीवीरां'नी आधी मऊ उतरायला शिकायचं.

ते जमतंय हे कळणार कसं? कान द्या! न्यूझीलंडच्या पीटर मॅक्नेअर आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये दाखवलं, की उतरतानाचा आवाज ऐकून तो कमी करा, एवढं सांगितलं तरी दणका कमी होतो.

ट्राय करा
- सुरुवात जमिनीवरच्या छोट्या उड्यांनी. ठोकळा नंतर.
- आधी चवडा टेकवा, मग टाच हळूच.
- गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा, आत वळू देऊ नका.
- उतरल्यावर दोन सेकंद स्थिर राहा. तोल गेला तर उंची कमी करा.
- आवाज वाढला की पाय थकले. त्या दिवसापुरतं बास!
- गुडघा दुखत किंवा सुजत असेल तर उड्या बंद, आधी डॉक्टर.

परवा काकू लिफ्टमध्ये भेटल्या. "काय गं, उड्या सोडल्यास वाटतं?"

"नाही काकू, रोज मारते!"

यापेक्षा भारी सर्टिफिकेट कोणतं?