कन्सोल, कॅसेट आणि साठवणुकीचा हिशेब

करमाळा हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. रेल्वेने यावयाचे तर जेऊर स्थानकावर उतरून पुढची वाट मोटारीने धरावी लागते, आणि मोठ्या शहरातील एखादी नवी वस्तू गावात पोहोचते तेव्हा तिच्यासोबत तिच्याविषयीच्या ऐकीव गोष्टीही येतात. दूरचित्रवाणीला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ गेमच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. ज्या पिढीने बालपणी कॅसेट घालून मारिओ खेळला, तिचीच मुले आज प्लेस्टेशनचा हट्ट धरीत आहेत. मुलांना इंटरनेटवरून कळलेले आणि वडिलांना बालपणापासून ठाऊक असलेले, असे दोन्ही प्रकारचे गैरसमज एकाच घरात सुखाने नांदत आहेत. प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी विक्रीस आले तेव्हा डिस्क असलेल्या यंत्राची किंमत 49,990 रुपये मुक्रर झाली होती. एवढी रक्कम मोजणाऱ्या कुटुंबाला आपण नेमके काय विकत घेत आहोत याची यथार्थ कल्पना असणे अगत्याचे आहे. या सर्व गैरसमजांच्या मुळाशी, माझ्या मते, एकच समजूत आहे: यंत्रात किती मावते यावरून खेळाची योग्यता ठरते, ही ती समजूत होय.

तिचा उगम पाहावयाचा तर जुन्या कॅसेटपासूनच आरंभ करावा लागेल. जपानच्या निंटेंडो कंपनीने 15 जुलै 1983 रोजी फॅमिकॉम नावाचे यंत्र बाजारात आणले, आणि त्याच्या धर्तीवर बनवलेली, 'लिटल मास्टर'सारख्या नावांची अनेक यंत्रे 1990 च्या दशकात भारतातील घरोघरी पोहोचली. त्यांच्यासोबत मिळणाऱ्या कॅसेटवर '9999 इन 1' असा ठळक मजकूर छापलेला असे, आणि जवळपास दहा हजार खेळ आपल्या मुठीत आहेत अशी मुलांची प्रामाणिक श्रद्धा असे. वस्तुस्थिती अशी की, त्या कॅसेटमध्ये निरनिराळे खेळ फार तर काही डझन असत. पडद्यावर उमटणाऱ्या नावांच्या लांबलचक फेरिस्तीत तेच खेळ पुन्हा पुन्हा येत. कुठे नुसते नाव बदललेले, कुठे खेळ तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारा, तर कुठे तीनऐवजी अधिक 'जीव' देणारा. नावांची यादी साठवावयास जवळजवळ काहीच जागा लागत नाही, खेळ साठवावयास लागते. सबब विक्रेत्याने स्वस्त पडणारी गोष्ट वाढवली.

त्याच काळातील दुसरी समजूत फुंकरीची. कॅसेट चालेना की ती उपसून काढावयाची, तिच्या उघड्या कडेवर जोराने फुंकर मारावयाची आणि पुन्हा खोचावयाची, हा विधी करमाळ्यापासून टोकियोपर्यंत सर्वत्र एकसारखा पाळला गेला, आणि त्यानंतर कॅसेट बहुधा चालू होत असल्यामुळे श्रेय निरपवादपणे फुंकरीला मिळाले. ते श्रेय वास्तविक कॅसेट काढून पुन्हा खोचण्याच्या क्रियेचे होते. कॅसेटच्या कडेवरील धातूच्या पट्ट्या आणि यंत्रातील पिना यांचा संपर्क नीट जुळला नाही म्हणजे चित्र उमटत नसे, आणि पुन्हा खोचताना पट्ट्या पिनांवर घासून तो जुळे. फुंकरीतील ओलाव्याने मात्र त्या पट्ट्या कालांतराने गंजत, म्हणून खुद्द निंटेंडोनेच फुंकर मारू नये अशी सूचना केली होती. ज्यांच्या माळ्यावर अद्याप अशी कॅसेट असेल त्यांनी कापसाच्या बोळ्यावर किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसाव्यात.

आता आकाराच्या मूळ प्रश्नाकडे वळू. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ 13 सप्टेंबर 1985 रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. आठ प्रदेश आणि प्रत्येकी चार टप्पे, म्हणजे एकूण 32 टप्प्यांचा हा संपूर्ण खेळ, त्यातील संगीत आणि चित्रांसह, अवघ्या 40 केबीत सामावलेला आहे. आजच्या मोबाइलने काढलेल्या एका छायाचित्राच्या जागेत असे पन्नासाहून अधिक मारिओ सहज मावतील. त्या 40 पैकी 32 केबी आज्ञावलीसाठी आणि उरलेले 8 केबी चित्रांसाठी. त्या 8 केबीत लहान चौकोनी तुकडे मावतात ते केवळ 512, आणि त्यांतूनच मारिओ, कासवे, विटा, किल्ले आणि आकाश हे सारे विश्व रचावयाचे होते. म्हणूनच त्या खेळातील आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही आकृती एकच आहे. एकदा ती पांढऱ्या रंगात आणि एकदा हिरव्या रंगात रंगवली आहे. लाखो मुलांनी वर्षानुवर्षे हा खेळ खेळला आणि फारच थोड्यांच्या ते ध्यानात आले. अल्प साधनांतून विपुलतेचा आभास निर्माण करणारे हे कौशल्य मला कोणत्याही अवजड खेळाच्या नेत्रदीपक देखाव्याहून अधिक आदरणीय वाटते.

मग आजचे खेळ शंभर जीबीच्या घरात का जातात? ते शंभर जीबीइतके अधिक कल्पक असतात म्हणून नव्हे. भिंतीवर, वस्त्रावर किंवा त्वचेवर चढवावयाचे प्रत्येक चित्र लांबीरुंदीत दुप्पट सूक्ष्म झाले की जागेची मागणी चौपटीने वाढते: 2048 बिंदू लांबीरुंदीचे एक चित्र संक्षेप न करता 16 एमबी घेते, तर 4096 बिंदूंचे 64 एमबी. त्यात निरनिराळ्या भाषांतील संवादांचे ध्वनिमुद्रण आणि मधूनमधून येणारी चित्रफीत मिळवली की हिशेब फुगतो. परंतु फारशा कोणाला ठाऊक नसलेले कारण निराळेच आहे. जुन्या कन्सोलमधील, म्हणजे खेळाच्या यंत्रांतील, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर एखादी वस्तू शोधावयास वेळ लागत असल्यामुळे खेळ तयार करणारे तीच वस्तू डिस्कवर ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा नोंदवून ठेवीत. प्लेस्टेशन 5 चे रचनाकार मार्क सेर्नी यांनी मार्च 2020 मधील आपल्या व्याख्यानात सांगितले की, 2018 च्या 'स्पायडर-मॅन' या खेळात काही वस्तू हार्ड डिस्कवर चारशेवेळा साठवलेल्या होत्या.

करमाळ्याच्या वाचकाला हे सहज उमजेल. कमलाभवानीच्या देवळाजवळची 96 पायऱ्यांची विहीर ज्याने पाहिली आहे, त्याला विहिरीत पाणी किती आहे आणि तळाशी उतरून घागरभर पाणी वर आणावयास किती वेळ लागतो या दोन सर्वस्वी भिन्न बाबी आहेत, हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. वर येण्याची वाट लांब असेल तर माणूस पाणी आधीच भरून जागोजागी ठेवतो. चारशे प्रतींचे प्रयोजन नेमके हेच होते. प्लेस्टेशन 4 ची हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे 50 ते 100 एमबी वाचीत असे, प्लेस्टेशन 5 चा एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली साठवण, सेकंदाला 5.5 जीबी वाचतो. त्यामुळे नव्या यंत्रावर अशा दुबार नोंदींची आवश्यकता उरली नाही, आणि काही खेळ नव्या यंत्रावर जुन्यापेक्षा लहान झाले. यंत्र जितके नवे तितका खेळ मोठाच होणार, हे गृहीत यामुळेच टिकत नाही.

याच वेगाच्या फरकातून आणखी एका गैरसमजाचा निकाल लागतो. पुष्कळांस वाटते की, डिस्क विकत आणली म्हणजे खेळ डिस्कवरूनच चालणार आणि यंत्रातील जागा शाबूत राहणार. डिस्कवरून वाचण्याचा वेग आजच्या खेळांस अपुरा असल्यामुळे तिच्यावरील सर्व मजकूर प्रथम यंत्रात उतरवून घ्यावा लागतो. त्यानंतर डिस्कचे काम मालकीचा दाखला देण्यापुरते उरते. कधी तर डिस्कवर खेळच नसतो: 2022 च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2' च्या प्लेस्टेशन 5 डिस्कवर जेमतेम 70 एमबीच्या आसपास मजकूर होता आणि बाकीचा सर्व खेळ इंटरनेटवरून उतरवणे भाग होते. दिवसाला 2 जीबीचा रिचार्ज असलेल्या घरी 100 जीबीचा खेळ उतरवावयाचा तर, दुसरे काहीही न पाहता, 50 दिवस लागतील. म्हणून दुकानात पैसे देण्यापूर्वी वेष्टणाच्या मागील बाजूस बारीक अक्षरात छापलेली डाउनलोडविषयीची सूचना वाचणे, हे ज्या घरी ब्रॉडबँड नाही त्या घरास फार उपयोगाचे आहे.

सुरुवातीच्या प्लेस्टेशन 5 वर 825 जीबी लिहिले असताना पडद्यावर 667 जीबीच दिसतात, ही तक्रारही वारंवार ऐकू येते आणि दुकानदारावर निष्कारण संशय घेतला जातो. ही वजावट यंत्र चालवणाऱ्या मूळ आज्ञावलीसाठी आणि राखीव जागेसाठी असते. एक्सबॉक्स सिरीज एसमध्येही 512 पैकी सुमारे 364 जीबीच वापरावयास मिळतात. जागा वाढवण्यासाठी बाजारातील साधी यूएसबी हार्ड डिस्क आणली तर प्लेस्टेशन 5 चा खेळ तिच्यावर ठेवता येतो, पण तिथून खेळता येत नाही. खेळावयाचा असेल तेव्हा तो पुन्हा यंत्रात हलवावा लागतो. प्लेस्टेशन 4 चे खेळ मात्र तिच्यावरून थेट चालतात. प्लेस्टेशन 5 च्या खेळांसाठी यंत्राच्या आत बसणारा, पुरेशा वेगाचा एम.2 एसएसडीच घ्यावा लागतो.

जागेसाठी खेळ काढून टाकला तर आजवरची सर्व प्रगती बुडेल, या भीतीने मुले न खेळलेले खेळही सांभाळून ठेवतात. ही भीती अनाठायी आहे. प्लेस्टेशनवर आणि निंटेंडोच्या स्विच या यंत्रावरही खेळ आणि त्यातील प्रगतीची नोंद यांचे दप्तर स्वतंत्र असते. खेळ काढला तरी नोंद राहते आणि पुन्हा उतरवल्यावर तिथूनच पुढे खेळता येते. खरा धोका दुसरीकडे आहे. नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली तर ती बिघडू शकते, आणि भारनियमनाचा अनुभव असलेल्या मुलखात पडद्याच्या कोपऱ्यात ते छोटे फिरते चिन्ह दिसत असेतो बटण बंद न करणे आणि यंत्र इन्व्हर्टरवर जोडणे हाच सुज्ञ मार्ग होय.

खेळांच्या चमत्कारिक वागणुकीविषयीही अशाच दंतकथा आहेत. मारिओच्या 1-2 या, म्हणजे पहिल्या प्रदेशातील दुसऱ्या, टप्प्याच्या अखेरीस भिंतीतून विशिष्ट रीतीने आरपार जाऊन नळकांड्यात उतरले की पडद्यावर '-1' असा प्रदेश दिसतो आणि मारिओ अनंत काळ त्याच पाण्यात पोहत राहतो. ही निर्मात्यांनी दडवलेली गुप्त दुनिया असल्याचे मुले एकमेकांस सांगत. ती दुनिया नव्हे, चूक आहे. यंत्र घाईने 36 क्रमांकाच्या, अस्तित्वातच नसलेल्या प्रदेशात शिरते, आणि 36 व्या क्रमांकाचे चित्र कोरे असल्यामुळे आकड्याच्या जागी काहीच उमटत नाही. उरते ती नुसती आडवी रेघ आणि एक. उलट कधी मर्यादेतूनच खेळाचा प्राण निर्माण होतो. 1978 च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू जसजसे कमी होत तसतसे ते वेगाने चालून येत, कारण कमी आकृत्या रेखाटाव्या लागल्याने यंत्रच मोकळे होई. खेळाचे कर्ते तोमोहिरो निशिकादो यांनी तो वेग तसाच राहू दिला.

एक दंतकथा मात्र आपल्या विशेष जिव्हाळ्याची आहे. 'सिव्हिलायझेशन' या 1991 च्या खेळात गांधीजींचा आक्रमकपणा 1 ठरवला होता, लोकशाही स्वीकारताच त्यातून 2 वजा होऊन हिशेब शून्याखाली गेला, आणि शून्याखाली आकडाच नसलेल्या आठ बिटांच्या गणितात तो 255 होऊन महात्माजी अणुबाँब टाकू लागले, ही कथा जगभर इतकी पसरली की संगणकशास्त्राच्या उदाहरणांतही ती शिरली. ही मालिका जन्मली संगणकावर, पण कन्सोलवरही आली, आणि तिच्यासोबत ही कथाही. खेळाचे कर्ते सिड मायर यांनी 2020 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात तशी चूक मूळ खेळात नव्हतीच, असे स्पष्ट लिहिले. 2010 च्या पाचव्या भागात मात्र गांधीजींच्या अण्वस्त्रप्रीतीचा आकडा मुद्दाम चढा ठेवला गेला, म्हणजे अपघाताची म्हणून प्रसिद्ध झालेली गोष्ट पुढे हेतुपुरस्सर खरी करण्यात आली. ज्या महाराष्ट्रात, सेवाग्रामी, गांधीजी 1936 पासून राहिले, तिथल्या मुलांना तरी ही रुजुवात ठाऊक असावी.

आणि असे खेळ आपल्याकडे बनतच नाहीत, हा समज तर सर्वांत अधिक नुकसान करणारा आहे, कारण तो होतकरू मुलाला आरंभीच मागे ओढतो. 2009 मध्येच कबड्डी, विटीदांडू आणि पतंग यांचा 'देसी अड्डा' हा खेळ हैदराबादेत प्लेस्टेशन 2 साठी तयार झाला होता. करमाळ्याहून एसटीने काही तासांत गाठता येणाऱ्या पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ 2008 पासून कन्सोलच्या खेळांवर काम करीत आहे. त्याच पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा खेळ 18 ऑगस्ट 2020 रोजी प्रथम स्विचवर, म्हणजे ज्या यंत्रात साठवणूक अवघी 32 जीबी असे त्या यंत्रावर, प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर आला. असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या राजी या मुलीची ती कथा. तिला दुर्गा आणि विष्णू साहाय्य करतात, आणि कथेचे दुवे महागड्या चित्रफितींऐवजी छायाबाहुल्यांच्या शैलीतील दृश्यांनी जोडलेले आहेत. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळाच्या नामांकनांत त्याचे नाव होते.