माल जातो तो फाटकातून

घर बांधायला काढलं की पाहुणे पहिला प्रश्न विचारतात, "रात्री राखायला कोण ठेवलंय?" साइटवर माझी सव्वीस वर्षं गेली. या काळात माल गेला तो रात्रीपेक्षा दिवसाच जास्त, आणि कुंपणावरून नव्हे तर उघड्या फाटकातून.

एक जुनी गोष्ट सांगतो. पुण्याबाहेर एका बंगल्याचं काम चालू होतं. १२ मिलिमीटरची दोन टन सळई आली, चलनावर मी सही केली, ट्रक गेला. चार दिवसांनी स्लॅबचं लोखंड बांधायला घेतलं तर वीसेक सळया कमी. वॉचमन लातूरकडचे, सगळे त्यांना मामा म्हणत. पत्र्याच्या खोलीत बायको आणि दोन मुलांना घेऊन राहायचे. संशय साहजिकच त्यांच्यावर गेला. "साहेब, ट्रक खाली झाला तेव्हा तुम्ही मोजून घेतलं होतं का?" एवढंच ते म्हणाले. मी मोजलं नव्हतं. तरीही महिनाअखेर त्यांना काढून टाकलं. पुढच्या खेपेला, नवा वॉचमन असताना, सळई उतरतानाच मोजली, तर ती तेवढ्याच हिशेबानं कमी भरली. दुकानदाराच्या काट्यावरचं वजन आम्ही डोळे मिटून मानत आलो होतो. मामांचा शोध घेतला, पण त्यांची गाठ पडली नाही.

आता तुम्ही म्हणाल, सळईचा हिशेब आम्हाला कसा जमणार? सोपा आहे. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला तिनंच गुणा आणि १६२ ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरला ते सुमारे ०.८९ किलो येतं. सळई साधारण १२ मीटर लांब असते, म्हणजे एक सळई १०.७ किलोच्या आसपास, आणि दोन टनांत सुमारे १८७ सळया. कारखान्यातही वजनात थोडा फरक पडतो, पण वीस सळयांचा नाही. गाडी शक्यतो त्रयस्थ काट्यावर भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा तोलून घ्या. वाळू ब्रासवर येते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. वरचा ढीग सपाट करायला लावून हौद्याला टेप लावा. ड्रायव्हर कुरकुरतो, कुरकुरू द्या.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्या फेकू नका. संध्याकाळी त्या मोजल्या की दिवसाचा खप कळतो आणि कोठीतल्या भरल्या गोण्यांशी ताळा लागतो. थप्पी दहा गोण्यांपेक्षा उंच नको, खाली फळ्या हव्यात आणि भिंतीपासून फूटभर अंतर. आमच्याकडे पावसाळ्यात गळक्या छपरानं जेवढं सिमेंट खाल्लं, तेवढं कुठल्याच चोरानं नेलं नसेल.

बाकी बंदोबस्त तुम्हाला ठाऊकच आहे: भोवती पत्रे, फाटक एकच, रात्री दिवा, मोटारीची केबल कुलपात. तांब्याची वायर पाइपातून ओढली की त्या खोल्यांना दारं लागेपर्यंत राखण दुप्पट हवी. नळ आणि स्विच रंगाचा शेवटचा हात झाल्यावरच बसवा. भंगार मात्र नीट बघा. तुकड्यांच्या ढिगात अख्खी सळई निघून जाते, म्हणून ते मालकासमोर तोलूनच विका. कॅमेरा जरूर लावा, पण त्याला गोण्या मोजता येत नाहीत.

रोजच्या वहीचं महत्त्व चोरी झाल्यावर कळतं. १ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. कलम कुठलंही असो, ठाण्यात पहिला प्रश्न असतो, किती गेलं आणि शेवटचं कधी पाहिलं? बांधकामाच्या विम्यातही, केवळ मालाची मोजदाद करताना आढळलेली तूट सहसा भरून मिळत नाही. अट नीट वाचून घ्या.

एक गोष्ट मालाच्या यादीत येत नाही. जमिनीखालची पाण्याची टाकी आणि लिफ्टचा खड्डा उघडे राहिले तर आत पडतात ती बहुधा साइटवर राहणाऱ्यांचीच मुलं. चार फळ्या आणि कठडा, एवढा खर्च पहिल्या दिवशीच करा.

आणि वॉचमन. चोवीस तास एकच माणूस जागा राहत नाही. तुम्ही मोबदला एकाचा देता आणि पहारा दोघांचा मागता. त्याला पाळी लावून द्या, प्यायचं पाणी, संडास आणि आठवड्याची सुट्टी द्या. माझ्या साइटवर आता ट्रक आला की वॉचमन वही घेऊन पुढे होतो. तो आणि मी मिळून मोजतो, आणि चलनावर त्याची सही आधी होते, मग माझी.