ढगावरचं इंद्रवज्र

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून सुटलेलं विमान परुळ्याच्या माडांवरून वर जात ढगांच्या पलीकडे पोचलं की सूर्याच्या उलट बाजूच्या खिडकीतून खाली बघावं. खाली पांढऱ्या ढगांवर विमानाची सावली पळत असते. नशीब असेल तर तिच्याभोवती रंगीत रिंगण दिसतं, आत निळसर, बाहेर लालसर. कधी एकात एक दोन-तीन. रिंगणाचा मध्य सावलीवर नेमका पाहणाऱ्याच्या आसनापाशी पडतो. शेपटीकडच्या प्रवाशाला तो शेपटीपाशी दिसतो. विमान उंच गेलं की सावली लहान होत विरते, रिंगण मात्र तेवढंच राहतं.

इंग्रजीत याला 'ग्लोरी' म्हणतात. कीर्ती, वैभव, देवाचा महिमा, संतांच्या मस्तकामागचं तेज, सगळ्याला तोच शब्द. आपल्याकडे मूर्तीमागच्या पितळी कमानीला प्रभावळ म्हणतात आणि ढगावरच्या या रिंगणाला इंद्रवज्र. इतका देखणा शब्द डोंगरभटक्यांपुरता राहू नये, शाळेच्या पुस्तकातही यावा.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा इंद्रवज्रासाठी प्रसिद्ध आहे. दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्सने तिथे धुक्यावर पूर्ण गोल इंद्रधनुष्य पाहिलं. त्यात त्याची स्वतःची, घोड्याची आणि सोबतच्या माणसांची सावली पडली होती. त्याचं हे वर्णन १८३५ साली छापून आलं.

इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांचं. इंद्रवज्राला ढगातले मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे थेंब लागतात, तेही साधारण एकाच आकाराचे. त्यांच्यावर पडलेला उजेड जवळजवळ आल्या वाटेने सूर्याकडे परततो आणि परतताना त्याचे रंग सुटे होतात. प्रकाश सरळ रेषेत जातो एवढं धरून हे कोडं सुटत नाही, त्याला लहर मानावं लागतं. जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाफ मी याने १९०८मध्ये त्याचं गणित मांडलं.

त्याआधी, १८९४च्या सप्टेंबरमध्ये, स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस डोंगरावर सी. टी. आर. विल्सन हा तरुण हेच रंग बघून भारावला. प्रयोगशाळेत ढग तयार करायचे म्हणून तो कामाला लागला, आणि त्यातूनच अणूहून सूक्ष्म कणांचा माग दाखवणारी मेघपेटी जन्मली. त्याबद्दल १९२७चं नोबेल त्याला मिळालं.

सिंधुदुर्गात जमिनीवरून हे बघायचं तर आंबोलीचा घाटमाथा गाठावा. कोकणाकडे तोंड केलेला कडा, सकाळची वेळ, पाठीशी कोवळं ऊन आणि समोर दरीत आपल्याहून खाली दाटलेलं धुकं, एवढं एकदम जुळलं पाहिजे. धुकं वर चढून आपल्याला वेढलं आणि ऊन अडलं की खेळ आटोपला. दहाजण ओळीने उभे असले तरी प्रत्येकाला रिंगण फक्त स्वतःच्या डोक्याच्या सावलीभोवती दिसतं. कॅमेऱ्याचंही तसंच; म्हणून फोटोत ज्याच्या डोक्याभोवती रंग आहेत, तो फोटो त्यानेच काढलेला असतो.