नागीण मध्यरेषेवरच का थांबते?

नागिणीने कमरेला पूर्ण विळखा घातला की माणूस वाचत नाही, ही भीती अजूनही घराघरांत आहे. प्रत्यक्षात पुरळ बहुतेक वेळा कण्यापासून निघून पोटाच्या मध्यरेषेवर थांबतं.

याचं कारण चेतापेशींच्या रचनेत आहे. स्पर्श, वेदना, ऊन-गारवा टिपणाऱ्या चेतापेशीचा मुख्य भाग त्वचेत नसतो आणि मज्जारज्जूतही नसतो. मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना, मणक्यांच्या फटींत, अशा पेशींच्या छोट्या गाठी असतात. पेशीतून एकच तंतू निघतो आणि लगेच दुभंगतो: एक फाटा त्वचेकडे, दुसरा मज्जारज्जूत. पायाच्या अंगठ्याकडे जाणारा फाटा मोठ्या माणसात जवळजवळ मीटरभर लांब असतो, आणि तो एकाच पेशीचा!

प्रत्येक गाठीकडे त्वचेचा एक पट्टा असतो, तोही फक्त आपल्या बाजूचा. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू याच गाठींत वर्षानुवर्षं दडून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती घटली की तो तंतूवरून त्वचेपर्यंत उतरतो. म्हणून पुरळ उठण्याआधीच त्या पट्ट्यात आग होऊ लागते.

पुरळ दिसताच, शक्यतो ७२ तासांच्या आत, डॉक्टरांकडे जा. विषाणूरोधक गोळ्या तेव्हाच सर्वांत चांगल्या लागू पडतात. लेप लावत बसण्यात हे तास घालवू नका. नागीण डोळ्याजवळ उठली असेल, तर त्याच दिवशी जा.